जुन्या छापील नाटकांतली अवतरणं ऑनलाइन कोशात देताना: साल कुठलं, पाठ कुठला?

कोशवाचक

पुण्यातले आम्ही काही जण मराठी विक्शनरी या ऑनलाइन कोशातल्या शब्दांना जुन्या नाटकांतली अवतरणं जोडतो आहोत. साधारण १८५० ते १९२० या काळातली नाटकं घेतली आहेत. वाचायला माणसं आहेत, टंकायला माणसं आहेत. अडतं ते संदर्भापाशी. एकाच नाटकाला एक जण प्रयोगाचं साल देतो, दुसरा पहिल्या आवृत्तीचं, तिसरा हातातल्या पुस्तकाचं. म्हणून हा विषय एकदा सगळ्यांसमोर मांडतो.

नाटकंच का, ते आधी सांगतो. १८६० च्या आसपासचं मराठी गद्य काढून बघा. शाळेची पुस्तकं, भाषांतरं, वर्तमानपत्रं, धर्मचर्चा. माणसं घरात भांडायची कशी, बाजारात घासाघीस कशी करायची, नोकराला हाक कशी मारायची, सुनेने सासूला उत्तर कसं द्यायचं, यातलं फार थोडं तिथे मिळतं. नाटकातल्या संवादांत ते मिळतं. लेखकाच्या हातून गेलेलं असतं, त्यामुळे जशीच्या तशी बोली नव्हे. पण त्या काळच्या बोलण्याच्या इतक्या जवळ नेणारा छापील ऐवज आपल्याकडे फारसा नाही.

जुन्या कोशांचं ऋण मोठं आहे. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि मग वाढवून १८५७ मध्ये शब्द, अर्थ, वाक्प्रचार, म्हणी यांची जी रास घातली, तिच्यावर आपण अजून उभे आहोत. पण अमुक शब्द अमुक पुस्तकात अमुक साली आला, असं तो सहसा सांगत नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२ ते १९३८, सात खंड, १९५० ला पुरवणी) ती उणीव बरीचशी भरून काढली. अवतरण, ग्रंथाच्या नावाचा संक्षेप, पुढे पानाचा आकडा. तो आकडा घेऊन नाटक उघडावं तर त्या पानावर ते वाक्य नसतं, कारण आपल्या हातातली आवृत्ती वेगळी. त्यांना कागद वाचवायचा होता, संक्षेप करणं भागच होतं. आपल्याला जागेची अडचण नाही, तर आपण संदर्भ पूर्ण द्यायला हवा.

माझं म्हणणं इतकंच: जी प्रत समोर उघडली आहे, संदर्भ तिचाच. नाटक कधी लिहिलं, रंगभूमीवर कधी आलं, पहिल्यांदा कधी छापलं, हे सगळं जरूर नोंदवा, पण वेगळ्या रकान्यात. हा शब्द या वर्षी छापलेल्या या पानावर मी पाहिला, अशी ती साक्ष आहे, आणि साक्ष पाहिलेल्याचीच द्यावी. तुमचं मत सांगा.

निवृत्त_ग्रंथपाल

मूळ मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. प्रत्यक्ष कामात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी लिहितो.

ग्रंथालयात जुन्या पुस्तकाची पुन्हा बांधणी झाली की मूळ वेष्टन जाते, आणि आवृत्तीचा उल्लेख पुष्कळदा त्यावरच असतो. म्हणून फोटो काढताना शीर्षकपान, त्याची मागची बाजू, प्रस्तावनेचे शेवटचे पान आणि पुस्तकाचे अगदी शेवटचे पान एवढे घ्याच. फक्त हवे ते वाक्य असलेले पान टिपून आणले तर पुढे कोणालाही ती प्रत ओळखता येत नाही.

सालाबद्दल. या पुस्तकांवर बरेचदा केवळ शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, असे आपण सर्रास करतो. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७८३ म्हणजे १८६१ च्या चैत्रापासून १८६२ च्या फाल्गुनापर्यंत. प्रस्तावनेखाली महिना असेल तर प्रश्न सुटतो: श्रावण असेल तर १८६१, माघ असेल तर १८६२. महिना नसेल तर '१८६१-६२' असे लिहावे आणि शेजारी शके जसाच्या तसा द्यावा. अंदाजाने एक साल निवडले की तो अंदाज पुढच्या वाचकाच्या लेखी वस्तुस्थिती होऊन बसतो.

१८६७ नंतरच्या पुस्तकांसाठी आणखी एक आधार आहे. त्या वर्षीच्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सरकार प्रसिद्ध करू लागले. त्यांत मुद्रक, पाने, प्रतींची संख्या, किंमत आणि प्रसिद्धीची तारीख सापडते. शिवाय शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तके तिच्यात आहेत आणि ती १९४३ मध्ये निघाली. (कोशाचे दाते ते य. रा. दाते. नवीन मंडळी या दोघांत गोंधळ करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.) सूचीमुळे आवृत्ती ओळखायला मदत होते. मात्र प्रत न पाहता सूचीतले साल अवतरणाला जोडू नये.

पदवेडी

मला हे पटत नाहीये. नाटक ही आधी ऐकायची गोष्ट. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० ला इथे पुण्यातच, आनंदोद्भव नाटकगृहात पहिल्यांदा झालं. त्यातली पदं लोकांच्या तोंडी बसली ती नाटकगृहातून. ज्यांनी पुस्तक कधी हातात धरलं नाही अशा घरांतसुद्धा नांदी पाठ होती. 'पंचतुंड नररुंडमालधर' म्हणणाऱ्यांपैकी पुस्तक वाचून ते शिकलेले किती असतील? तरीही आपण छापील साल पुढे ठेवणार आणि प्रयोगाचं साल मागच्या रकान्यात टाकणार? शब्द भाषेत कधी आला हे सांगणं हे कोशाचं काम असेल तर प्रयोगाचं साल जास्त खरं आहे.

तिसरीघंटा

पदवेडी, तुमच्या म्हणण्यामागचं प्रेम कळतं, आणि शाकुंतलापुरतं ते बरंच लागूही पडतं. पण हाच नियम मागे नेऊन बघा.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तिथून धरतो. त्या नाटकांची रीत अशी, की सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापलं गद्य भाषण ऐन वेळी स्वतःच्या बुद्धीने करायची. राक्षस काय गरजले, विदूषक काय बोलला, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. राहिली ती पदं. भाव्यांचा नाट्यकवितासंग्रह छापला गेला १८८५ मध्ये. मधे बेचाळीस वर्षं गेली. त्या काळात पदांत काय फिरलं, काय नव्याने घातलं, हे आपण कशावरून सांगणार? त्या संग्रहातल्या शब्दाला १८४३ लावलं तर आपण न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही देतो.

दुसरं उदाहरण देवलांचं. १८९३ चं फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा हे गद्य नाटक. तेच पुढे पदं घालून संशयकल्लोळ झालं, १९१६ मध्ये. आज आपण म्हणतो ती पदं १८९३ च्या नाटकात नाहीत. 'संशयकल्लोळ, १८९३' असं कुणी लिहिलं तर पदातला शब्द एका झटक्यात तेवीस वर्षं मागे जातो.

तिसरं एकच प्याला. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, आणि त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. 'कशि या त्यजूं पदाला' या ओळीखाली गडकऱ्यांचं नाव देणाऱ्या नोंदी मी पाहिल्या आहेत. संगीत नाटकाच्या साच्यात पदकर्त्यासाठी वेगळा रकाना हवाच. तो नसेल तर गुर्जरांचे शब्द कायम दुसऱ्याच्या नावावर चढत राहतील.

पदवेडी

गुर्जरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि भाव्यांचाही. तरी माझी मागणी कायम आहे: प्रयोगाची तारीख ठाऊक असेल तर ती वाचकाला दिसली पाहिजे, कुठल्या तरी पानाच्या तळाशी नको. शाकुंतलाच्या अवतरणाखाली फक्त पुढच्या कुठल्या तरी आवृत्तीचं साल दिसलं तर वाचणाऱ्या मुलाला वाटेल हे नाटक तेव्हाचंच.

फोलिओ

इंग्रजी शिकवते, त्यामुळे तिकडचा अनुभव सांगते. त्यांनी या प्रश्नावर शंभराहून जास्त वर्षं काढली आहेत.

शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची ३६ नाटकं एकत्र करून मोठ्या आकाराचा ग्रंथ छापला तो १६२३ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. तोच पहिला फोलिओ. त्यातली निम्मी नाटकं त्याआधी छापलेलीच नव्हती. मॅकबेथ त्यांतलंच. आता मॅकबेथमधल्या शब्दाला कुठलं साल द्यायचं? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती (१८८४ ते १९२८, भागाभागाने) १६०५ देत असे, कारण अभ्यासकांच्या मते नाटक त्या सुमारास लिहिलं गेलं. त्याच कोशाची आजची सुधारित ऑनलाइन आवृत्ती तसं करत नाही. ती '१६१६ पूर्वी' असं लिहिते आणि कंसात छपाईचं साल देते, १६२३. म्हणजे लेखक गेला ती शेवटची हद्द, आणि पाठ, म्हणजे शब्दशः मजकूर, मिळतो ते साल. दोन्ही एका ओळीत. पदवेडींची मागणी आणि कोशवाचकांचा आग्रह दोन्ही यात बसतात असं मला वाटतं.

पाठाचा प्रश्न तर त्याहून बिकट. हॅम्लेट १६०३ मध्ये एकदा छापलं, १६०४-०५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा ते जवळजवळ दुप्पट मोठं होतं, आणि १६२३ च्या फोलिओतलं तिसरंच. 'टू बी ऑर नॉट टू बी' नंतरचे शब्दसुद्धा १६०३ च्या छपाईत निराळे आहेत. आज शाळाकॉलेजात वाचतो ते हॅम्लेट या तिघांतून संपादकांनी जुळवलेलं आहे. त्या जुळवलेल्या पुस्तकातून वाक्य उचलून त्यावर १६०३ लिहिलं, तर त्या वर्षी ते वाक्य तसं छापलेलं असेलच असं नाही. आधुनिक आवृत्तीतला पाठ आणि जुन्या आवृत्तीचं साल ही जोडी तिकडच्या ऑनलाइन कोशांतही पुन्हा पुन्हा सापडते, आणि दुरुस्त करणारे मेटाकुटीला येतात.

पानाच्या आकड्यावरही फार विसंबू नका. फोलिओतल्या हॅम्लेटमध्ये १५६ नंतर थेट २५७ वं पान येतं. मधली शंभर पानं गहाळ नाहीत, आकडेच चुकलेत. म्हणून तिकडे अंक, प्रवेश, ओळ आणि त्याबरोबर फर्म्याची (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याची) खूण देतात.

निवृत्त_ग्रंथपाल

फर्म्याची खूण आपल्याकडेही मिळते. कित्येक जुन्या पुस्तकांत ठरावीक पानांनंतर पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो फर्म्याचा. पान फाटलेले असेल किंवा आकडे चुकलेले असतील तर जागा त्यावरून सांगता येते. नवीन मंडळींनी तो पृष्ठांक समजून टंकू नये.

टंकनिका

सालाचं काय ते ठरेल. मला त्याहून जास्त काळजी शुद्धलेखनाची वाटते, कारण तिथे आपण नकळत रोज नुकसान करतो आहोत.

जुन्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'तें', 'मुलें' असं असतं. १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आपल्यापैकी बरेच जण टंकताना ते सवयीने गाळतात. काही जण मुद्दाम गाळतात, 'आजच्या वाचकाला सोपं जावं' म्हणून. पण त्या बिंदूत व्याकरण आहे. 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन, 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. बिंदू काढला की दोन्ही सारखेच दिसतात, आणि संवादातलं एक सुटं वाक्य अवतरण म्हणून घेतलं असेल तर बोलणारा कुणाबद्दल बोलतोय हे वाचकाला कळायला मार्गच राहत नाही. ज्याला १८८० ची भाषा तपासायची आहे त्याला हे हवं असतं. आपण पुसून देतो.

१९६२ नंतर नव्याने छापलेल्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी पुष्कळदा लेखन बदलून घेतलंय. अशा आवृत्तीतून अवतरण घेतलंत तर हरकत नाही, पण मग साल त्या आवृत्तीचं द्या. १८९९ चं साल आणि १९६२ नंतरचं लेखन एकत्र आलं की तो पाठ कुठल्याच काळाचा राहत नाही.

आणि यंत्राने ओळखलेल्या मजकुरावर भिस्त ठेवू नका. जुन्या खिळ्यांतले, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांतले, अनुस्वार फिकट उमटलेले असतात, यंत्र ते सोडून देतं. 'ख' चा 'रव' करतं, जोडाक्षरं तोडतं. वाक्य छोटं असतं, हाताने टंका आणि स्कॅनशी अक्षर अक्षर ताडून बघा.

सदाशिवपेठी

टंकनिकांशी सहमत, पण एक व्यावहारिक अडचण. कुणी 'काही' शोधलं तर 'कांहीं' असलेलं अवतरण शोधात येईलच असं नाही. मग एवढी मेहनत कुणाच्या उपयोगी? शाळेतल्या मुलाला जुनं लेखन वाचायची सवय नाही. तो पान बंद करेल.

टंकनिका

म्हणून शब्दाची नोंद आजच्या लेखनाखालीच ठेवायची. 'पाऊणशे' हे पान आजच्या लेखनात. त्याखाली शारदेतली 'म्हातारा इतुका न अवघें पाऊणशें वयमान' ही ओळ १८९९ च्या नाटकाचं उदाहरण म्हणून, छपाईत आहे तशी. शोधणारा आजच्या शब्दाने येतो, पोचतो जुन्या ओळीपाशी. अवतरणात ज्या शब्दासाठी नोंद आहे तो ठळक करायचा. मुलांना जुनं लेखन वाचता येत नाही असं मला वाटत नाही. दाखवलंच नाही तर येणार कुठून?

बाळबोध

शुद्धिपत्राचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी, कधी सुरुवातीला, शुद्धिपत्र असतं: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कोशात घ्यायचा म्हणून एखादा विचित्र शब्द हाताशी लागला, की आधी ते पान उघडा. दुर्मीळ म्हणून मोठ्या आनंदाने नोंदवलेला शब्द शुद्धिपत्रात छपाईची चूक म्हणून दिलेला असू शकतो. बांधणीत शुद्धिपत्र गळून गेलं असेल तर दुसरी प्रत शोधावी.

पुस्तक शिळाछापाचं (दगडावरून छापलेलं) की खिळ्यांचं हेही नोंदवा. शिळाछापात मजकूर आधी हाताने लिहिला जातो, त्यामुळे चुका लिहिणाऱ्याच्या असतात: ओळ सुटणं, अक्षर दोनदा पडणं. खिळ्यांत पेटीतल्या शेजारच्या घरातला खिळा उचलला जातो, काना-मात्रा तुटते. शब्द खरा की चूक, हे ठरवताना याचा फार उपयोग होतो.

आणि चूक आहे अशी खात्री असली तरी अवतरण दुरुस्त करू नका. जसं आहे तसं द्या आणि शेजारी चौकोनी कंसात टीप लिहा.

तिसरीघंटा

+१. आणि नाटकाच्या बाबतीत पात्राचं नाव सोडू नका. कादंबरीतलं वाक्य आणि नाटकातलं वाक्य यांत हाच फरक आहे. नाटकात लेखक स्वतः बोलतच नाही, कुणीतरी बोलतं. संशयकल्लोळमध्ये भादव्याच्या तोंडचा शब्द आणि अश्विनशेठच्या तोंडचा शब्द एकाच लेखकाचे असले तरी एक नोकर आहे आणि एक शेठ. 'देवल असा शब्द वापरतात' असं लिहिलं तर निष्कर्ष चुकतो. भादव्या कुणाशी बोलतोय हेही शक्य असेल तर द्यावं. 'अरे', 'अहो', 'अगं' यांचा अर्थ त्याशिवाय लागत नाही. काही नाटकांत परप्रांतीय पात्राची मोडकीतोडकी मराठी मुद्दाम लिहिलेली असते. तिथला शब्द सरळ मराठी शब्द म्हणून नोंदवणं म्हणजे त्या पात्रावर आणि वाचकावर दोघांवर अन्याय.

कंसातल्या रंगसूचनाही वेगळ्या धरा. त्या लेखकाच्या असतात, पात्राच्या नसतात, आणि त्यांची भाषा पुष्कळदा संवादाहून जड असते.

भाषांतरित नाटकांचं तर फारच. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं अथेल्लो १८६७ चं. त्यातल्या मराठी शब्दाचे धनी महादेवशास्त्री. काही नोंदींत लेखक म्हणून शेक्सपिअर आणि साल सतराव्या शतकाचं दिसतं, ते काढायला हवं. तसंच परशुरामतात्या गोडबोल्यांची संस्कृतावरून केलेली नाटकं, आगरकरांचं विकारविलसित (१८८३), केळकरांची त्राटिका (१८९१). मूळ कृतीचं नाव टीपेत, मान भाषांतरकाराला.

नवीन_सभासद

वाचतोय, फार शिकायला मिळतंय. एक शंका: प्रताधिकाराचं काय? एवढी वाक्यं घ्यायला परवानगी लागते का?

सदाशिवपेठी

आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. किर्लोस्कर, देवल, गडकरी केव्हाच मुक्त झाले. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे तेही २००९ पासून. एक-दोन वाक्यांच्या अवतरणाला तशीही अडचण येत नाही. काळजी घ्यायची ती नव्या संपादित आवृत्त्यांची: मूळ नाटक मुक्त असलं तरी संपादकाची प्रस्तावना आणि टीपा त्याच्या असतात. त्या उचलू नका.

ग्रंथतज्ज्ञाची_मुलगी

पुण्यातच या कामाचा केवढा मोठा नमुना आहे, त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत कोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं. सुमारे पंधराशे ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि पहिला खंड निघायला १९७६ उजाडलं. एकेका चिठ्ठीवर शब्द, त्याचं वाक्य, ग्रंथ, जागा. चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती आणि ती वाचून नोंद करणारी व्यक्ती यांच्यात कित्येक वर्षांचं अंतर. लिहिणाऱ्याने जागा पुरी दिली नसेल तर वाचणारा तिला विचारायला जाणार कुठे? आपलंही तेच होणार आहे. आज घाईत 'सौभद्र' एवढंच लिहून ठेवलं तर तीस वर्षांनी ते तपासायला बसलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित (अनेक हस्तलिखितं ताडून केलेली) आवृत्ती करताना जी शिस्त पाळली, तिचा छोटासा अंश आपल्याला घेता येईल: पाठ कुठल्या प्रतीतला, हे प्रत्येक वेळी सांगायचं. नाटकाच्या दोन आवृत्त्यांत वाक्य वेगळं असेल तर दोन्ही द्या. अमुकच खरं, असं आपण ठरवायला जाऊ नये.

कोशवाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. साचा असा करतो आहे: नाटककार, भाषांतर असेल तर भाषांतरकार आधी आणि मूळ कृती टीपेत, पद असेल तर पदकर्ता, नाटकाचं नाव शीर्षकपानावर आहे तसं, वापरलेल्या प्रतीचं साल, शके असेल तर शकेही, आवृत्ती, गाव, छापखाना, अंक, प्रवेश, पान, पात्र. सालाच्या शेजारी कंसात पहिल्या प्रयोगाचं साल, ते पक्कं माहीत असेल तरच. पदवेडी, हे वाचकाला पहिल्या ओळीतच दिसेल, तळाशी जाणार नाही. छपाईची पद्धत आणि शुद्धिपत्र पाहिलं का, यासाठी एक टीपेचा रकाना. स्कॅनचा दुवा थेट त्या पानाचा, पुस्तकाच्या पहिल्या पानाचा नव्हे.

ज्या जुन्या नोंदींत फक्त नाटकाचं नाव आहे त्या काढून टाकायच्या नाहीत. 'प्रत तपासायची आहे' अशी खूण लावून ठेवू, जशा प्रती मिळतील तशा पुऱ्या करू.

मोडीवाला

साचा चांगला आहे, पण एका ठिकाणी तो मोडतो. जोतीराव फुल्यांचं तृतीय रत्न. लिहिलं १८५५ मध्ये, दक्षिणा प्राइझ कमिटीकडे (मराठी पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या सरकारी समितीकडे) दिलं, तिथे त्याला आश्रय मिळाला नाही, आणि छापून आलं ते १९७९ मध्ये. प्रतीचं साल पुढे ठेवायचं म्हटलं तर शेतकरी जोडपं, जोशी, विदूषक यांच्या तोंडचं १८५५ चं मराठी १९७९ च्या खाती जमा होईल. तेही अशा नाटकाचं, ज्यात कुणब्याच्या घरातलं बोलणं त्या काळी लिहून ठेवलं गेलं. छापलं गेलं नाही हा त्या नाटकावर एकदा झालेला अन्याय आहे. कोशाने तो पुन्हा करू नये.

कीर्तन्यांचं थोरले माधवराव पेशवे १८६१ मध्ये छापलं गेलं म्हणून ते आधी, आणि सहा वर्षं आधी लिहिलेलं तृतीय रत्न एकशे अठरा वर्षं नंतर, असा क्रम कोशात दिसला तर तो कुणालाही खरा वाटणार नाही.

फोलिओ

याला मघाचीच रीत लावता येईल. 'लेखन १८५५, छपाई १९७९' असं एकत्र, आणि क्रम लावताना लेखनाचं साल धरायचं. अट एकच: लेखनाच्या सालाला लेखकाच्या स्वतःच्या शब्दांचा किंवा हस्तलिखिताचा आधार हवा. अभ्यासकांचा नुसता अंदाज असेल तर '...पूर्वी' असं लिहायचं. तृतीय रत्न आपण १८५५ मध्ये कमिटीला दिलं होतं, हे जोतीरावांनी स्वतः लिहिलेलं आहे, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही.

कोशवाचक

मान्य. हस्तलिखितावरून नंतर छापलेल्या नाटकांसाठी वेगळी खूण करतो. हीच खूण तंजावरच्या नाटकांनाही लागेल. तिथले भोसले राजे शाहराजे यांच्या काळातली, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीची आणि अठराव्याच्या सुरुवातीची ती नाटकं आपल्याला विसाव्या शतकातल्या छपाईतूनच मिळतात. तिथे संपादकाचं नाव द्यावं लागेल, कारण हस्तलिखित वाचून कुठे काय जुळवलं हे त्यालाच ठाऊक.

निवृत्त_ग्रंथपाल

संपादकाबरोबर हस्तलिखिताचा ग्रंथालयातला क्रमांकही, छापील पुस्तकात दिलेला असेल तर. त्याशिवाय मूळ पोथी शोधता येत नाही.

ग्रंथतज्ज्ञाची_मुलगी

तृतीय रत्न मी घेते. फुले समग्र वाङ्मयाच्या एकाहून अधिक आवृत्त्या आहेत, त्यामुळे आमच्याकडची कुठली ते शीर्षकपान बघून आधी इथे कळवते, मग नोंदींना हात लावते.

पदवेडी

मी संगीत नाटकांची पदं घेते, पदकर्त्यांच्या नावांसकट. सुरुवात एकच प्यालापासून. ज्या नोंदींत गुर्जरांच्या जागी गडकरी आहेत त्यांची यादी कुणाकडे असेल तर चर्चा पानावर टाका.

बाळबोध

शाकुंतलाच्या जुन्या प्रतीत शुद्धिपत्र दिसलं तर पदवेडी, त्याचाही फोटो घ्या.